जर्मनीतले पहिले करवर्ष आणि नाशिकमधले कागद

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपूर औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून एक अभियंता ३० ऑगस्ट २०२५ रोजी भारतातून निघाले आणि १ सप्टेंबरपासून श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत रुजू झाले. पत्नी सध्या नाशिकलाच आहे आणि २०२६ च्या उन्हाळ्यात तिकडे जाणार आहे. आईवडील सिडकोत राहतात. त्यांना ते दरमहा पैसे पाठवतात. पाथर्डी फाट्याजवळचा अभियंत्यांच्या स्वतःच्या नावावरचा फ्लॅट महिना १४,००० रुपये भाड्याने दिलेला आहे. फेब्रुवारीत जर्मन कंपनीकडून ‘लोनश्टॉयरबेशायनिगुंग’ नावाचा, वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद हाती आला, आणि इथल्या कंपनीचा फॉर्म १६ जूनमध्ये येईल. तिथले सहकारी सांगतात की एकच नोकरी आणि पहिला करवर्ग (पगारातून दरमहा किती कर कापायचा हे ठरवणारी जर्मनीतली वर्गवारी) असेल तर विवरणपत्राची सक्ती नसते. इथले नातेवाईक सांगतात की परदेशी गेलास, आता इथल्या इन्कम टॅक्सशी तुझा संबंध उरला नाही. यांतले काय खरे, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या बाबतीत दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींच्या चुकीचे मूळ एकच आहे. कागदावरचा आकडा आधी वाचला जातो. तो आकडा कोणत्या काळाचा आहे आणि त्या काळात तुम्ही करासाठी कोणत्या देशाचे रहिवासी होता, हे नंतर पाहिले जाते किंवा पाहिलेच जात नाही. जर्मनीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, आपले एप्रिल ते मार्च. त्यामुळे तुमच्या २०२५ सालचे तीन तुकडे पडतात: जानेवारी ते मार्चचा पगार भारताच्या २०२४-२५ या आर्थिक वर्षात जातो, एप्रिल ते ऑगस्टचा २०२५-२६ मध्ये, आणि सप्टेंबर ते डिसेंबरचा पगार जर्मनीत मिळालेला आहे. पुढचे सगळे या तीन तुकड्यांवर उभे आहे. १ एप्रिल २०२६ पासून आपल्याकडे २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्यामुळे पोर्टलवर नवे कलम-क्रमांक आणि नवे फॉर्म दिसू लागतील, पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू राहतो.

आधी भारताचे पाहू. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले नाहीत, तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. १ एप्रिल ते ३० ऑगस्ट हे १५२ दिवस होतात. मधल्या काळात नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे घरी येऊन गेला असाल, तरी बेरीज १७३ होते. म्हणजे २०२५-२६ साठी तुम्ही अनिवासी आहात. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजून ठेवा, आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या पानांची प्रत जपा, कारण चार वर्षांनी नोटीस आली तर हाच पुरावा लागतो. हेच जाणे २९ सप्टेंबरला झाले असते, तर १८२ दिवस भरले असते आणि जर्मनीतला पगारही भारताच्या विवरणपत्रात दाखवून, तिथे भरलेल्या कराची सवलत फॉर्म ६७ भरून मागावी लागली असती. विमानाचे तिकीट काढताना ही तारीख कोणी पाहत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

अनिवासी ठरल्यामुळे जर्मनीतल्या कामाचा, जर्मनीतल्याच खात्यात जमा झालेला पगार भारतात करपात्र नाही. ‘जर्मनीतल्याच खात्यात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काही जण सोय म्हणून पगार थेट नाशिकच्या बँक खात्यात घ्यायची व्यवस्था करतात. तसे केल्यास उत्पन्न प्रथम भारतात मिळाले असे धरून त्यावर इथे कर मागितला जाऊ शकतो. पगार आधी तिथल्या खात्यात घ्यावा आणि मग हवा तेवढा घरी पाठवावा.

भारतातले उत्पन्न मात्र भारतातच करपात्र राहते, आणि इथे फॉर्म १६ तुम्हाला फसवू शकतो. तुमचा पगार महिना एक लाख रुपये होता असे धरू. कंपनीने एप्रिलमध्ये वर्षाचे बारा लाख गृहीत धरले, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली, आणि नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सूट असल्यामुळे टीडीएस शून्य ठेवला. फॉर्म १६ वर शून्य दिसले की माणूस निर्धास्त होतो. पण ८७ए ची सूट फक्त निवासी व्यक्तीला मिळते. तुमचा पाच महिन्यांचा पगार पाच लाख, त्यातून ७५,००० वजा जाता ४,२५,०००, फ्लॅटचे वर्षाचे भाडे १,६८,००० आणि त्यातून ३० टक्के वजावट जाता १,१७,६००, एकूण ५,४२,६००. पहिले चार लाख करमुक्त, उरलेल्यावर पाच टक्के आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे सुमारे ७,४०० रुपये कर निघतो. रक्कम मोठी नाही, पण विवरणपत्रात सवयीने ‘निवासी’ असा पर्याय निवडला गेला तर कर शून्य दाखवला जाईल आणि विवरणपत्र मुळातच चुकीचे ठरेल. फॉर्मही आयटीआर-१ चालत नाही. अनिवासीला आयटीआर-२ भरावा लागतो आणि त्याची मुदत ३१ जुलै २०२६ आहे.

फ्लॅटच्या भाड्याबद्दल आणखी एक अवघड मुद्दा आहे. घरमालक अनिवासी असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूने त्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो आणि त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक, घ्यायचा असतो. १४,००० च्या भाड्यात हे ४,३६८ रुपये होतात. पाथर्डी फाट्याचा भाडेकरू हे आपणहून करणार नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. तरीही आपण अनिवासी झाल्याचे त्याला लेखी कळवा. शक्य असेल तर त्याला टॅन काढून देण्यात मदत करा, नाहीतर कमी दराने कपातीचा दाखला मिळवण्यासाठी आयकर विभागाकडे तुम्ही स्वतः अर्ज करा. कपात न केल्याची जबाबदारी कायद्याने भाडेकरूवर येते, आणि नोटीस त्याच्या नावाने निघते तेव्हा भांडण तुमच्या वडिलांच्या दारात येते. इथले बचत खाते एनआरओ (अनिवासीचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) करून घेणेही राहिले असेल तर लगेच करा. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही.

आता जर्मन कागद. लोनश्टॉयरबेशायनिगुंग हा आपल्या फॉर्म १६ चा तिकडचा भाऊ, फक्त फार आटोपशीर. वरच्या ओळीत नोकरीचा कालावधी असतो, तो प्रथम पाहा. तुमच्या बाबतीत तो ०१.०९ ते ३१.१२ असला पाहिजे. क्रमांक ३ च्या ओळीत एकूण पगार, ४ मध्ये कापलेला प्राप्तिकर, ५ मध्ये एकता अधिभार असतो. हा अधिभार २०२१ पासून फक्त जास्त कर भरणाऱ्यांनाच लागतो, त्यामुळे तो रकाना रिकामा असला तर घाबरू नका. सहाव्या ओळीत चर्चचा कर येतो. पत्त्याची नोंदणी करताना तुम्ही धर्माच्या रकान्यात काय लिहिले, त्यावर तो ठरतो. तुमच्याकडे तो नसावा, पण शरणपूर रोडच्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट म्हणून नोंदला गेला, तर त्याला श्टुटगार्ट भागात प्राप्तिकराच्या आठ टक्के इतका चर्चकर लागेल. २२ ते २७ या ओळींत निवृत्तिवेतन, आरोग्य, शुश्रूषा आणि बेरोजगारी या विम्यांचे हप्ते असतात: २२ मध्ये निवृत्तिवेतनाचा कंपनीचा वाटा, २३ मध्ये तुमचा. हे आकडे विवरणपत्राच्या विम्याच्या पुरवणीत जसेच्या तसे उतरवायचे असतात, आणि निवृत्तिवेतनाचे जुने हिशेब तपासतानाही पुढे हा कागद उपयोगी पडू शकतो. म्हणून वर्षावर्षाचा कागद ठेवून द्या.

त्याच कागदावर तुमचा अकरा अंकी कर-ओळख क्रमांक असतो, जो पत्ता नोंदवल्यावर टपालाने आला होता. फिनान्सआम्ट, म्हणजे तिथले स्थानिक कर कार्यालय, विवरणपत्रासाठी देते तो क्रमांक वेगळा. या दोहोंची गल्लत फार होते. ओळख क्रमांक जन्मभराचा, दुसरा कार्यालय बदलले की बदलणारा. पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकात कर अवाच्या सवा कापलेला दिसत असेल, तर बहुधा ओळख क्रमांक कंपनीला वेळेत मिळाला नव्हता आणि त्यांनी तुम्हाला सर्वांत जास्त कपातीच्या सहाव्या करवर्गात टाकले होते. नंतरच्या महिन्यांत ते दुरुस्त झाले का, हे पगारपत्रके लावून तपासा.

सहकाऱ्यांचे म्हणणे वर्षभर तिथेच असलेल्या माणसाला लागू आहे. तुम्ही वर्षाच्या मधोमध गेलात. जर्मन कायदा असे म्हणतो की त्याच कॅलेंडर वर्षात तिथे येण्यापूर्वी परदेशात मिळवलेल्या उत्पन्नावर जर्मनी कर लावणार नाही, पण कराचा दर ठरवताना ते उत्पन्न मोजेल. याला तिथे ‘प्रोग्रेसिओन्सफोरबेहाल्ट’ म्हणतात, आणि अशा प्रकारचे उत्पन्न ४१० युरोंहून अधिक असेल तर विवरणपत्र भरणे सक्तीचे होते. जानेवारी ते ऑगस्टचा तुमचा आठ लाखांचा पगार, हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरले तर ८,००० युरो होतो. सक्ती आहेच. २०२५ चे विवरणपत्र ३१ जुलै २०२६ पर्यंत गेले पाहिजे. योगायोगाने तुमच्या भारतातल्या विवरणपत्राचीही तीच तारीख आहे. तिथल्या अधिकृत करसल्लागाराकडून भरून घेतल्यास जर्मनीतली मुदत बरीच वाढते. स्वेच्छेने भरणाऱ्याला चार वर्षे मिळतात हे खरे, पण ती सवड तुमच्यासाठी नाही.

ही सक्ती बहुधा तुमच्याच पथ्यावर पडेल. तुमचा पगार महिना ४,५०० युरो आहे असे समजा. दर महिन्याला कर कापताना कंपनी जणू तुम्ही वर्षाला ५४,००० युरो कमावता असे धरून त्या दराने कापते. प्रत्यक्षात जर्मनीतले वर्षाचे उत्पन्न १८,००० झाले, आणि भारतातला पगार मिळवूनही दर ठरतो तो २६,००० च्या आसपासच्या उत्पन्नाचा. वर्षअखेरचा ताळमेळ कंपनी पूर्ण वर्ष नोकरीत असलेल्यांचाच घालून देते. तुमचा घातलेला नसणार. म्हणून परतावा निघण्याची शक्यता चांगली आहे, आणि तो मागण्याचा मार्ग विवरणपत्र हाच आहे. ‘एल्स्टर’ या सरकारी संकेतस्थळावर ते विनामूल्य भरता येते, पण तिथे खाते उघडताना सक्रियीकरणाचा संकेतांक टपालाने येतो, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करून चालणार नाही.

या विवरणपत्राला पगाराची आणि विम्याची पुरवणी लागतेच; शिवाय वर्षाचा काही भागच जर्मनीत राहिलेल्यांसाठी ‘डब्ल्यूए-ईएसटी’ ही पुरवणी असते, तीत आल्याची तारीख आणि आधीचे परदेशी उत्पन्न द्यायचे. नेमकी इथेच अडचण येते. तुमचा २०२५-२६ चा फॉर्म १६ एप्रिल ते ऑगस्ट सांगतो आणि २०२४-२५ चा फॉर्म १६ पूर्ण वर्षाचा एकत्र आकडा देतो. जानेवारी ते मार्चचे तीन महिने त्यात वेगळे दिसतच नाहीत. म्हणून जानेवारी ते ऑगस्ट अशी आठही महिन्यांची पगारपत्रके सातपूरच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून शिक्क्यासह मागवून घ्या. राजीनामा दिलेल्या माणसाचे पगार-पोर्टलचे लॉगिन काही महिन्यांत बंद होते, हे लक्षात घेऊन पत्र आजच पाठवा.

खर्चाच्या वजावटीबद्दल थोडक्यात. नोकरदाराला १,२३० युरो पुराव्याशिवाय मिळतात, आणि त्याहून अधिक खर्च झाला असेल तरच पावत्या जोडण्यात अर्थ आहे. नोकरीसाठी केलेला विमानप्रवास, व्हिसाचे शुल्क, पदवीच्या प्रमाणपत्रांचे भाषांतर आणि मूल्यांकन हे सगळे यात बसते, मात्र कंपनीने ज्याची भरपाई दिली ते पुन्हा दाखवता येत नाही. पहिल्या वर्षी ही बेरीज १,२३० च्या पुढे जाणे अगदी शक्य आहे.

आईवडिलांना आणि पत्नीला पाठवलेल्या पैशांविषयी लोकांच्या मनात फार आशा असतात, म्हणून हे नीट वाचा. तिथे अशा पोषणखर्चाची वजावट आहे, पण वरची मर्यादा राहणीमानानुसार देश गटांत विभागून कमी केलेली आहे आणि भारताच्या वाट्याला एक चतुर्थांश येते. २०२५ साठी मूळ मर्यादा १२,०९६ युरो, म्हणजे भारतासाठी एका व्यक्तीमागे ३,०२४. तुम्ही चारच महिने तिथे होता, म्हणून बारापैकी चार हिस्से: १,००८ युरो. त्यातून पैसे घेणाऱ्याचे स्वतःचे उत्पन्न एका अगदी लहान रकमेपलीकडे असेल तर तेवढे वजा होते. वडिलांना निवृत्तिवेतन किंवा ठेवींचे व्याज येत असेल तर त्यांच्या वाट्याची वजावट शून्यावरही येऊ शकते. २०२५ पासून आणखी एक अट आली आहे: पैसे मदत घेणाऱ्याच्या खात्यात बँकेमार्फत गेलेले असले पाहिजेत. भावाच्या खात्यात टाकून त्याने आईला रोख दिले, किंवा गावी येताना हातात आणले, तर ते मोजले जात नाहीत. सोबत पैसे घेणाऱ्याला मदतीची गरज असल्याचे एक विहित निवेदनपत्र लागते, ज्यावर इथल्या शासकीय कार्यालयाची पुष्टी अपेक्षित असते. आपल्या तहसील कार्यालयात जर्मन-इंग्रजी फॉर्म पाहून लिपिक गोंधळतो आणि काम एका फेरीत होत नाही, असा आमचा अनुभव आहे. मराठीत एक विनंतीपत्र, शिधापत्रिका आणि वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे कागद सोबत दिले की समजावणे सोपे जाते. माझे स्पष्ट मत असे की २०२५ साठी पत्नीला स्वतःची कमाई नसेल तर तिचे कागद करावेत, आणि आईवडिलांचे त्यांचे उत्पन्न खरोखरच नगण्य असेल तरच करावेत.

व्याजाचा मुद्दा बहुतेकांकडून सुटतो. १ सप्टेंबरपासून तुम्ही जर्मनीचे करनिवासी आहात, आणि तेव्हापासून जगात कुठेही मिळालेले व्याज तिथे दाखवायचे आहे. एनआरई ठेवीचे (अनिवासीने परदेशातल्या कमाईतून इथे ठेवलेल्या ठेवीचे) किंवा पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून ते जर्मनीतही करमुक्त आहे, असा समज मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकतो, तसे नाही. एकट्या व्यक्तीला वर्षाला १,००० युरोंपर्यंतच्या भांडवली उत्पन्नावर सूट आहे, त्यापुढे साधारण २५ टक्के दर लागतो. दोन्ही देश बँक खात्यांची माहिती परस्परांना आपोआप देतात, तेव्हा ‘त्यांना कसे कळणार’ हा प्रश्न उरलेला नाही. उलट एनआरओ खात्यावरच्या व्याजातून इथली बँक ३१.२ टक्के कापते, ते दोन देशांतल्या करारानुसार १० टक्क्यांवर आणता येते. त्यासाठी फिनान्सआम्टकडून निवासाचा दाखला घेऊन तो फॉर्म १०एफ या करारातल्या सवलतीसाठीच्या फॉर्मसह बँकेला द्यावा लागतो. फ्लॅटच्या भाड्यावर कर लावण्याचा हक्क भारताला आहे, तरी जर्मन विवरणपत्रात त्याचा उल्लेख करायचा आहे. ती पुरवणी तिथल्या सल्लागाराकडून तपासून घ्या, कारण नाशिकचा सीए तिथल्या कार्यालयात तुमची बाजू मांडू शकत नाही. मोठा सल्लागार परवडत नसेल तर नोकरदारांसाठी ‘लोनश्टॉयरहिल्फेफेराइन’ या सदस्यत्वावर चालणाऱ्या साहाय्य संस्था आहेत, मात्र परदेशातल्या भाड्याचे काम त्या घेतात का, हे सदस्य होण्यापूर्वी विचारा.

विवरणपत्र गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ‘श्टॉयरबेशाइड’, म्हणजे करनिर्धारणेचा आदेश येतो. परताव्याचा आकडा पाहून तो बाजूला ठेवू नका. मागच्या पानांवर काय मान्य केले नाही आणि का, हे लिहिलेले असते, आणि त्यावर आक्षेप घ्यायला एकच महिना मिळतो. सप्टेंबरच्या सुट्टीत तुम्ही नाशिकला आलात आणि पत्र तिथल्या पेटीत पडून राहिले, तर मुदत निघून जाते. शेजाऱ्याला पेटी पाहायला सांगून या.

पत्नी २०२६ मध्ये तिथे पोचून तिचा पत्ता नोंदला गेला की, वर्षाच्या कोणत्याही दिवशी का असेना, त्या वर्षासाठी तुम्ही दोघे एकत्रित विवरणपत्र निवडू शकता. तोवर तुम्ही विवाहित असूनही पहिल्या वर्गात आहात ते बरोबरच आहे, कारण पत्नी युरोपाबाहेर राहते. ती आल्यावर तिसरा-पाचवा अशी करवर्गांची जोडी (जास्त कमावणाऱ्याला तिसरा, दुसऱ्याला पाचवा) मागितली तर दरमहा हातात जास्त पडेल, पण विवरणपत्र सक्तीचे होईल आणि तिने नाशिकला त्या वर्षात पगार कमावला असेल तर तोही दर ठरवताना मोजला जाईल. तेव्हा ती नोकरीत असेल तर तिचीही पगारपत्रके नोकरी सोडण्यापूर्वीच घ्या.

भारताच्या विवरणपत्रासाठी शेवटी एवढेच बघा: पोर्टलवरील तुमच्या माहितीत निवासाची स्थिती अनिवासी अशी बदला, परताव्यासाठी एनआरओ खाते पडताळून घ्या, आणि आधारशी जोडलेले भारतीय सिमकार्ड रिचार्ज करून चालू ठेवा. विवरणपत्र भरल्यानंतर ३० दिवसांत त्याची पडताळणी व्हावी लागते. ओटीपी आला नाही, तर स्वाक्षरी केलेला आयटीआर-व्ही, म्हणजे विवरणपत्राच्या पडताळणीचा फॉर्म, कागदावर बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा लागतो, आणि जर्मनीहून पाठवलेले पाकीट मुदतीत पोचेल की नाही, याची धाकधूक निष्कारण घ्यावी लागते.